अश्वशक्तीचा आकडा आणि त्रयस्थाची साक्ष

बाजारात आपण तेल घेतो तेव्हा माप आपल्या डोळ्यांदेखत भरले जाते. कापड घेतो तेव्हा मोजपट्टी आपल्यासमोर फिरते. धान्याच्या तराजूची दांडी सरळ झाली की नाही, हे पाहण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. आणि दुकानदाराच्या तराजूत पासंग असल्याचा संशय आला, तर तेच धान्य शेजारच्या दुकानात पुन्हा जोखून पाहता येते. परंतु विहिरीवर बसविण्यासाठी लहानसे एंजिन विकत घेणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे. एंजिनावर पत्र्याची एक पट्टी ठोकलेली असते आणि तीवर '५ अश्वशक्ती' अशी अक्षरे असतात. ही पाच अश्वशक्ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि दुकानातील कोणत्याही तराजूवर जोखता येत नाही. किंमत मात्र तिच्याच हिशेबाने मोजावी लागते.

मग हा आकडा आला कोठून? तो कोणी मोजला, कसा मोजला, आणि मोजतेवेळी तेथे हजर कोण होते? हे प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. पण यंत्रशास्त्राच्या आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते मोठे महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधताना आपणांस आढळून येईल की, शक्तीचा आकडा तीन गोष्टींवाचून अपुरा असतो : निश्चित एकक, मोजणीची निश्चित परिस्थिती आणि ज्याचा त्या मालाच्या विक्रीशी काडीचाही संबंध नाही असा साक्षीदार.

प्रथम एककाचा विचार करू. 'अश्वशक्ती' हा शब्द व्यवहारात रूढ करण्याचे श्रेय जेम्स वॉट ह्या स्कॉटिश यंत्रज्ञाकडे जाते. वॉट व त्यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन हे वाफेची एंजिने उभारून देत असत. खाणीतील जुन्या एंजिनाच्या जागी त्यांचे नवे एंजिन बसले, म्हणजे जो कोळसा वाचे त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा ते आपला मोबदला म्हणून घेत. परंतु ज्या गिरण्यांत आधी एंजिनच नव्हते, घोडेच चाक फिरवीत होते, तेथे कोळशाची बचत मोजणार कशी? तेथे हिशेब घोड्यांचाच करणे प्राप्त होते. 'हे एंजिन इतक्या घोड्यांचे काम करील' असे सांगावयाचे, तर एक घोडा किती काम करतो हे आधी ठरविले पाहिजे.

ह्या बाबतीत पूर्वीच्या शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. जॉन स्मीटन ह्या इंग्रज अभियंत्याने एका घोड्याचे काम मिनिटास २२,९१६ फूट-पौंड एवढे धरले होते. वॉटने १७८२ साली बिअरच्या कारखान्यात जुंपलेल्या धिप्पाड घोड्यांवरून हिशेब केला, तेव्हा तो आकडा ३२,४०० भरला. आणि पुढील वर्षी त्या दोघा भागीदारांनी ३३,००० फूट-पौंड दर मिनिटास, म्हणजे सेकंदास ५५० फूट-पौंड, हे प्रमाण कायम केले. वॉटचा घोडा स्मीटनच्या घोड्याच्या जवळजवळ दीडपट ताकदीचा होता. ह्याचा परिणाम असा झाला की, दहा अश्वशक्तीचे एंजिन घेणाऱ्या गिरणीवाल्यास सामान्य दहा घोड्यांहून अधिकच काम मिळे. अश्वशक्तीचे हे पहिले माप गिऱ्हाइकाच्या बाजूस झुकते होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे अनेक वेळा ते विक्रेत्याच्या बाजूस झुकल्याची तक्रार झाली.

आजच्या हिशेबाने वॉटची अश्वशक्ती सुमारे ७४६ वॉट भरते. युरोपात मीटर-किलोग्रॅम पद्धती आल्यावर तेथे सेकंदास ७५ किलोग्रॅम-मीटर ही निराळी अश्वशक्ती रूढ झाली. ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ही शक्ती सुमारे ७३५ वॉट होते. दोहोंतील अंतर दीड टक्क्याहूनही कमी आहे. तथापि एकाच नावाची दोन मापे जगात नांदत आहेत, एवढे ह्यावरून दिसून येते. म्हणूनच शास्त्रीय ग्रंथांत व सरकारी प्रमाणांत आता किलोवॉट हे एकक वापरतात. तरीही बोलीत, बाजारात व जाहिरातीत घोडा अजून टिकून आहे.

आता मोजणीकडे वळू. फिरणाऱ्या चाकाची शक्ती मोजण्याची एक अत्यंत सोपी युक्ती गास्पार द प्रोनी ह्या फ्रेंच अभियंत्याने १८२१ साली काढली. एंजिनाच्या दांड्यावर बसविलेल्या चाकाला दोन लाकडी ठोकळ्यांनी दोन्ही बाजूंनी आवळून धरावयाचे. ठोकळ्यांना एक आडवा लांब दांडा जोडलेला असतो. चाक फिरू लागले की घर्षणामुळे ते ठोकळ्यांना आणि त्यांच्यासह दांड्याला आपल्याबरोबर ओढू पाहते. दांड्याच्या टोकाला वजन टांगून, किंवा ते टोक तराजूवर टेकवून, दांडा जागच्या जागी स्थिर ठेवावयाचा. जेवढ्या वजनाने तो स्थिर राहील तेवढी ओढ एंजिन निर्माण करीत आहे, हे उघड झाले. ओढीला दांड्याच्या लांबीने गुणले की जी राशी मिळते तिला टॉर्क म्हणतात. साध्या शब्दांत सांगावयाचे तर तो एंजिनाच्या मनगटाचा पीळ होय.

उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. समजा, दांड्याची लांबी एक मीटर आहे, टोकाशी तीन किलोग्रॅम वजन भरते आणि एंजिन मिनिटास १,५०० फेरे घेत आहे. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६.२८ मीटर. तेव्हा एका मिनिटात १,५०० फेऱ्यांचे अंतर सुमारे ९,४२५ मीटर झाले. त्यास तीन किलोग्रॅमांनी गुणले असता मिनिटास सुमारे २८,२७५ किलोग्रॅम-मीटर काम होते. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदास ७५, अर्थात मिनिटास ४,५०० किलोग्रॅम-मीटर. भागाकार केला की उत्तर येते ६.२८ अश्वशक्ती. आठवी-नववीचा विद्यार्थी करू शकेल एवढेच हे गणित आहे. ब्रेक लावून मोजली म्हणून ह्या शक्तीला 'ब्रेक हॉर्सपॉवर' हे नाव पडले. आज लाकडी ठोकळ्यांऐवजी पाण्याच्या किंवा विजेच्या योगाने भार देणारी डायनॅमोमीटर यंत्रे प्रयोगशाळांत असतात. परंतु ओढ आणि फेरे ह्या दोन गोष्टी मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा, हे तत्त्व तेच राहिले आहे.

ह्या गणितातच एक धोकाही दडलेला आहे. तराजूने तीनऐवजी ३.३ किलोग्रॅम दाखविले, तर उत्तर ६.९१ येईल. तराजूत दहा टक्के चूक, की शक्तीतही दहा टक्के चूक! बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला एंजिनाचा आवाज तोच ऐकू येतो, धूर तोच दिसतो. पट्टीवरील आकडा मात्र सव्वासहाच्या जागी सात होतो. म्हणून मोजणीची उपकरणे स्वतः कोणत्या प्रमाणाशी ताडून पाहिली आहेत, केव्हा पाहिली आहेत आणि कोणी पाहिली आहेत, ह्याची नोंद असल्यावाचून चाचणीला किंमत नसते.

तराजू चोख असला तरी प्रश्न संपत नाही. एकाच एंजिनाचे अनेक आकडे निघू शकतात आणि त्यांतील प्रत्येक आकडा आपापल्या परीने खराही असतो! पहिला भेद उघड्या एंजिनाचा व सज्ज एंजिनाचा. हवा गाळणारा फिल्टर आणि आवाज दाबणारा सायलेन्सर काढून ठेवून एंजिन चालविले तर त्यास श्वास घेणे व सोडणे सोपे जाते आणि शक्ती अधिक भरते. ह्या आकड्याला स्थूल शक्ती म्हणतात. हीच अंगे जोडून मोजले की निव्वळ शक्ती मिळते व ती नेहमी कमी असते. शेतात किंवा अंगणात एंजिन चालते ते सर्व अंगांसह. पट्टीवर मात्र स्थूल आकडा असू शकतो.

दुसरा भेद वेगाचा. शक्ती ही ओढ आणि वेग ह्यांचा गुणाकार असल्यामुळे मिनिटास ३,६०० फेऱ्यांवर मोजलेली शक्ती आणि प्रत्यक्ष कामाच्या वेळी असणाऱ्या वेगावरची शक्ती एक नसते. हिरवळ कापण्याच्या यंत्रात पात्याच्या टोकाचा वेग सुरक्षिततेसाठी मर्यादित ठेवावा लागतो. तेव्हा तेथील एंजिन पुष्कळदा आपल्या कमाल वेगाला पोहोचतच नाही. तिसरा भेद हवेचा. एंजिन इंधनाप्रमाणेच हवेवरही जगते. उंचावर हवा विरळ होते, उन्हाळ्यात ती प्रसरण पावते. लहान पेट्रोल एंजिनांच्या बाबतीत ठोकळ नियम असा आहे की, समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर चढल्यास शक्ती सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते आणि हवेचे तापमान २५ अंशांच्या वर दर साडेपाच अंश चढल्यास आणखी एक टक्क्याने. बडोद्यात व बेळगावात एकच एंजिन एकाच दिवशी चालविले, तरी सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील बेळगावात ते बडोद्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी अशक्त ठरेल. ह्यात एंजिनाचाही दोष नाही आणि कारखान्याचाही नाही. म्हणून मोजणीच्या प्रमाणग्रंथांत तापमान व हवेचा दाब ठरवून दिलेला असतो आणि निराळ्या परिस्थितीत मोजलेला आकडा त्या ठरीव परिस्थितीस अनुसरून दुरुस्त करून घ्यावा लागतो.

ह्या सर्व भेदांचा एकत्रित परिणाम व्यवहारात काय होतो ते पाहू. एका शेतकऱ्यास सेकंदास दहा लिटर पाणी पंधरा मीटर उंच चढवावयाचे आहे असे समजा. दहा लिटर पाण्याचे वजन दहा किलोग्रॅम. दहा गुणिले पंधरा म्हणजे सेकंदास १५० किलोग्रॅम-मीटर, अर्थात दोन अश्वशक्ती. पंपात निम्मी शक्ती वाया जाते असे धरले तर एंजिन चार अश्वशक्तीचे हवे. शहाणा शेतकरी थोडा राखीव वाव ठेवून पाच अश्वशक्तीचे पेट्रोल एंजिन घेतो. आता तो आकडा स्थूल असेल, आणि फिल्टर व सायलेन्सर ह्यांपायी पंधरा टक्के शक्ती जात असेल असे धरू, तर उरली सव्वाचार. बेळगावच्या उंचीमुळे आणखी साडेआठ टक्के वजा होऊन राहिली ३.८९. चैत्र-वैशाखातील ४२ अंशांच्या उन्हात आणखी तीन टक्के गेल्यावर हातात उरते पावणेचारच्या आसपास. पाच म्हणून घेतलेले एंजिन चारालाही पुरे पडले नाही.

असे एंजिन थांबत नाही. ते भाराखाली कुंथत चालते. त्याचा वेग मंदावतो, अंग तापते, इंधन अधिक जळते आणि झीज लवकर होते. पंपाचा स्वभाव असा की, त्याची फिरकी एक-दशांशाने मंदावली तर पाणी चढविण्याची त्याची उंची सुमारे एक-पंचमांशाने कमी होते. म्हणजे नेमके ज्या दिवसांत पीक पाण्यावाचून करपत असते, त्याच दिवसांत पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नाही. उलट, फसगतीच्या भीतीने कोणी गरजेच्या दुप्पट मोठे एंजिन घेतले, तर अधिक पैसा गुंतून पडतो आणि अर्ध्या भारावर चालणारे एंजिन प्रत्येक अश्वशक्तीमागे अधिक तेल पिते. पट्टीवरचा एक आकडा अशा रीतीने कुटुंबाच्या वर्षाच्या हिशेबात उतरतो.

तेव्हा त्या आकड्याची जबाबदारी कोणावर टाकावयाची? ह्या प्रश्नाचे एक ठाम उत्तर शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथे ट्रॅक्टर बनविणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांचे पेव फुटले होते आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत मोठमोठे आकडे झळकत असत. विल्मट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने 'फोर्ड' ह्या नावाचा एक ट्रॅक्टर घेतला. हे नाव मिनिआपोलिसच्या एका कंपनीने लावलेले होते, हेन्री फोर्ड ह्यांच्याशी तिचा संबंध नव्हता. तो ट्रॅक्टर निरुपयोगी ठरला. दुसऱ्या कंपनीचा घेतलेला ट्रॅक्टरही कुचकामाचा निघाला. तिसरा ट्रॅक्टर मात्र कंपनीने सांगितल्याहूनही अधिक ओढू लागला. क्रोझियर ह्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला : चांगले यंत्र बनविणारा आणि वाईट यंत्र बनविणारा दोघेही सारख्याच मोठ्या गळ्याने बोलत असतील, तर शेतकऱ्याने निवड करावी ती कशाच्या आधारावर?

पुढे ते राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. सिनेटर चार्ल्स वॉर्नर ह्यांच्या साहाय्याने त्यांनी एक विधेयक मांडले आणि १९१९ साली त्याचा कायदा झाला. ह्या कायद्यान्वये, राज्यात विकावयाच्या प्रत्येक प्रकारच्या ट्रॅक्टरचा एक नेहमीच्या विक्रीतील नमुना राज्य विद्यापीठाकडे चाचणीस आणणे कंपनीवर बंधनकारक झाले. विद्यापीठातील तीन अभियंत्यांच्या मंडळाने चाचणी घ्यावयाची, निकाल कंपनीच्या दाव्यांशी ताडून पाहावयाचा, आणि मगच विक्रीचा परवाना मिळावयाचा. शिवाय सुटे भाग पुरविण्याची व्यवस्थाही कंपनीने राज्यातच ठेवावयाची. १९२० च्या एप्रिलमध्ये 'वॉटर्लू बॉय' ह्या ट्रॅक्टरची पहिली चाचणी पूर्ण झाली. त्याच्या नावापुढे १२-२५ असे दोन आकडे असत. मागे जोडलेले अवजार ओढताना बारा अश्वशक्ती आणि पट्ट्याने मळणीयंत्र फिरविताना पंचवीस, असा त्यांचा अर्थ होता. एकाच यंत्राचे दोन कामांतील दोन आकडे निरनिराळे सांगण्याची ही प्रामाणिक रीत आजही अनुकरणीय वाटते.

लिंकन शहरातील ह्या चाचणीगृहाचा दबदबा राज्याच्या सीमेबाहेरही पसरला. एका राज्याने छापलेले निकाल इतर राज्यांतील शेतकरीही वाचू लागले. जे ट्रॅक्टर आपल्या दाव्यास उतरत, त्यांना ह्या चाचणीचे भय नव्हते; उलट तिच्यामुळे त्यांची कीर्ती वाढली. युरोपातही ट्रॅक्टरांच्या अधिकृत चाचणीची एक समान संहिता १९५९ साली मान्य झाली आणि एका देशात घेतलेली चाचणी दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याचा मार्ग मोकळा झाला.

परंतु ट्रॅक्टरला जी शिस्त लागली, ती लहान एंजिनांना लागलेली नव्हती. अमेरिकेत घरोघरी हिरवळ कापण्याची यंत्रे असतात आणि त्यांची विक्री बहुतांशी अश्वशक्तीच्या आकड्यावर चालत असे. २००४ साली काही ग्राहकांनी अनेक नामांकित उत्पादकांवर दावा दाखल केला. एंजिनांवरील आकडे प्रत्यक्ष शक्तीहून फुगविलेले आहेत, इतकेच नव्हे तर एकच एंजिन निरनिराळ्या आकड्यांची लेबले लावून निरनिराळ्या किमतींना विकले जाते, असा त्यांचा आरोप होता. उत्पादकांनी आपली चूक मान्य केली नाही. अखेरीस विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथील संघीय न्यायालयाने २०१० साली उभय पक्षांतील तडजोडीस मंजुरी दिली. तडजोडीची रक्कम ६ कोटी ५० लाख डॉलर होती. हाताने ढकलण्याच्या यंत्रामागे जास्तीत जास्त ३५ डॉलर आणि बसून चालविण्याच्या यंत्रामागे जास्तीत जास्त ७५ डॉलर ग्राहकास मिळावयाचे ठरले; तसेच शक्ती मोजण्याची व तिचे लेबल लावण्याची पद्धत सुधारण्याचेही मान्य करण्यात आले. त्या काळात अनेक लहान एंजिनांवरून अश्वशक्तीचा आकडाच नाहीसा झाला आणि त्या जागी टॉर्क किंवा सिलिंडरचे घनफळ दिसू लागले. घोड्याची साक्ष संशयास्पद ठरली, तेव्हा व्यापाराने दुसरा साक्षीदार पुढे केला, असेच म्हणावे लागेल.

ह्याच सुमारास, २००५ साली, वाहन-अभियंत्यांच्या एस.ए.ई. ह्या अमेरिकन संस्थेने 'जे २७२३' ह्या क्रमांकाची एक कार्यपद्धती प्रसिद्ध केली. तीत नवे यंत्र काही सांगितलेले नाही. चाचणी उत्पादकाच्या प्रयोगशाळेतही घेता येते. अट एवढीच की, त्या वेळी पात्रता असलेला एक त्रयस्थ साक्षीदार तेथे स्वतः हजर पाहिजे आणि प्रमाणात सांगितलेल्या रीतीनेच सर्व काही झाले, अशी त्याने खात्री करून घेतली पाहिजे. मोजणीचे नियम त्याच वेळी अधिक काटेकोर करण्यात आले होते. ह्या दोहोंच्या योगाने काही मोटारींचे जाहीर आकडे खाली आले, तर काहींचे वर गेले. वर गेलेल्या आकड्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. काटेकोर मोजणी ही उत्पादकाची शत्रू नसते. ज्याने आपले यंत्र मनापासून बनविले आहे, त्याच्या श्रमाचे खरे मोल तीच करून देते.

'स्वतंत्र चाचणी' ह्या शब्दाचा अर्थ ह्यावरून नीट समजून घेता येईल. आकड्यामागे उभ्या राहणाऱ्या साक्षीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे उत्पादकाचा स्वतःचा शब्द. तो खरा असू शकतो. परंतु तो पडताळून पाहिलेला नसतो. दुसरी पायरी म्हणजे उत्पादकाचीच चाचणी, पण त्रयस्थाच्या नजरेखाली. तिसरी पायरी म्हणजे त्रयस्थाच्याच प्रयोगशाळेत, कारखान्याने खास निवडून न दिलेल्या, नेहमीच्या उत्पादनातून किंवा बाजारातून उचललेल्या नमुन्याची चाचणी. शर्यतीसाठी निवडलेल्या घोड्यावरून तबेल्यातील सर्व घोड्यांची परीक्षा होत नाही. म्हणून नमुना कोणी निवडला, हा प्रश्न तराजूइतकाच महत्त्वाचा आहे. चाचणीचे शुल्क पुष्कळ वेळा उत्पादकच भरतो. त्यात वावगे काही नाही. मात्र निकाल अनुकूल लागो वा प्रतिकूल, शुल्क तेच राहिले पाहिजे आणि निकाल बदलण्याचा अधिकार शुल्क भरणाऱ्यास असता कामा नये. परीक्षेची फी विद्यार्थीच भरतो; म्हणून तो स्वतःचे गुण मांडू लागला तर कसे चालेल?

आपल्या देशातही ह्या दिशेने व्यवस्था उभी राहिलेली आहे. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९५२ च्या कायद्याने तिला मालावर प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. तेच आपल्या ओळखीचे 'आय.एस.आय.' चिन्ह होय. १९८६ च्या कायद्यान्वये तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. चिन्ह मात्र तेच राहिले. वीस किलोवॉटपर्यंतच्या, एका ठरीव वेगाने चालणाऱ्या डिझेल एंजिनांसाठी आय.एस. १०००१ हे प्रमाण आहे आणि शेतीच्या कामातील अशाच एंजिनांसाठी आय.एस. १११७०. चाचणीच्या रीती आय.एस. १०००० ह्या मालिकेत दिलेल्या आहेत. पट्टीवर लिहिलेली शक्ती एंजिनाने क्षणभर दाखविणे पुरेसे नसते. तो भार त्याने तासन्तास सोसला पाहिजे, आणि ठरलेल्या मुदतीपुरता दहा टक्के जादा भारही पेलला पाहिजे. शक्तीबरोबरच इंधनाचा खपही मोजला जातो. चिन्हाचा परवाना दिल्यानंतरही कारखान्यातून व बाजारातून नमुने उचलून तपासण्याची तरतूद आहे.

ट्रॅक्टरांसाठी मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी बुधनी येथे केंद्र सरकारची संस्था आहे. १९५५ साली ट्रॅक्टर चालविण्याचे शिक्षण देण्यासाठी सुरू झालेल्या ह्या केंद्रात पुढे चाचणीचे कामही होऊ लागले. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या वाचकांपैकी अनेकांनी आगगाडीतून जाताना त्या स्थानकाचे नाव वाचलेही असेल. तेथे देशातील ट्रॅक्टरांची शक्ती जोखली जाते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

तथापि प्रमाणपत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. प्रमाणपत्र सांगते ते एवढेच की, अमुक परिस्थितीत, अमुक रीतीने, अमुक नमुन्याने इतकी शक्ती दिली. आपल्या गावाची उंची, आपल्या विहिरीची खोली आणि आपला उन्हाळा ह्यांचा हिशेब ते करून देत नाही. तो आपणच केला पाहिजे. म्हणून एंजिन घेताना चार प्रश्न विचारावेत : हा आकडा स्थूल की निव्वळ? तो कोणत्या वेगावरचा? कोणत्या प्रमाणानुसार मोजलेला? आणि मोजणीचा साक्षीदार कोण? ज्या दुकानात ह्या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात, तेथे दोन पैसे अधिक पडले तरी व्यवहार स्वस्तच होतो.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या विषयाचा एक लहानसा प्रयोग तुम्ही शाळेच्या जिन्यावरच करू शकता. आपले वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, जिन्याची उभी उंची मीटरमध्ये मोजावी, आणि तो चढून जाण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. वजनाला उंचीने गुणून सेकंदांनी भागावे आणि पुन्हा ७५ ने भागावे. ४५ किलोग्रॅम वजनाचा मुलगा चार मीटर उंची सहा सेकंदांत चढला, तर त्याची शक्ती ०.४ अश्वशक्ती भरली. आता एक पथ्य पाळावे. एकदा चढणाऱ्याने स्वतःच घड्याळ धरावे आणि दुसऱ्यांदा ते वर्गातील अशा मुलाच्या हाती द्यावे, ज्याला तुमच्या जिंकण्या-हरण्याशी कर्तव्य नाही. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवावयाचा तो कोणता, हे वर्गाने ठरवावे.